वाई–पाचगणी–महाबळेश्वर–कास : गाडी लावायची कुठं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं गाव वाईजवळ. पसरणी घाटातून गाडी चालवायला लागून आता वीसेक वर्षं झाली. पुण्या-मुंबईहून येणारे मित्र, नातेवाईक, त्यांचे शेजारी असे सगळे निघायच्या आदल्या रात्री फोन करतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो : "तिथं गाडी लावायला जागा मिळेल ना?" ते प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथं लिहून ठेवली आहेत. मार्ग नेहमीचाच धरला आहे. सुरूर फाट्यावर महामार्ग सोडायचा, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, तिथून केळघर घाटानं मेढ्यावरून सातारा, आणि साताऱ्याहून कास पठार व ठोसेघरचा धबधबा.

किती वाजता निघालं म्हणजे पार्किंगचा त्रास होणार नाही?

पुण्याहून पहाटे साडेपाचला. महाबळेश्वर पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे साडेआठच्या आत पाचगणी गाठता येते आणि त्या वेळी कुठल्याही पॉइंटवर गाड्या मोजक्याच असतात. गर्दी अकरानंतर चढते आणि शनिवारी दुपारी तर पाचगणीच्या अलीकडेच रांग लागते. शनिवार-रविवारच्या जागी मंगळवार-बुधवार जमला तर यातल्या निम्म्या प्रश्नांची गरजच पडत नाही. नाताळ ते एक जानेवारी, दिवाळीनंतरचा आठवडा आणि मे महिना या तिन्ही वेळांना मात्र वार बघून उपयोग नाही.

वाईत ढोल्या गणपतीपर्यंत गाडी जाते का?

जाते, पण नेऊ नका. देऊळ कृष्णेच्या घाटावर आहे आणि नदीकडच्या गल्ल्या जुन्या आहेत, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं. गाडी अलीकडे मोकळ्या जागेत लावून पाच-सात मिनिटं चालत जा. पावसाळ्यात कृष्णेच्या अगदी काठाला गाडी ठेवू नका. वर धरणातून पाणी सोडलं की ते घाटाच्या पायऱ्या चढत येतं. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याजवळ जागा मिळते, फक्त गावातल्या कुणाच्या दारासमोर लावू नका.

पसरणी घाटात फोटो काढायला थांबता येतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

घाट चढताना खाली वाईचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसायला लागतं. विशेषतः सप्टेंबरात, भातखाचरं हिरवी असताना, थांबायचा मोह होतोच. थांबा, पण जिथं रस्ता रुंद आहे आणि डांबराच्या बाहेर गाडी पूर्ण उतरते तिथंच. अर्धी गाडी साइडपट्टीवर आणि अर्धी डांबरावर म्हणजे ती रस्त्यातच उभी आहे असं समजा. वळणावर, वळणाच्या लगेच पुढं, पुलावर आणि चढाच्या माथ्यावर कधीच थांबू नका, कारण मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. वाहन धोकादायक स्थितीत सोडून जाणं हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे गुन्हा आहे आणि अशी गाडी उचलून नेण्याचा अधिकारही कायद्यानं दिलेला आहे.

बाहेरून येणाऱ्यांना एक गोष्ट लक्षात येत नाही. नागमोडी वळणावर एसटीला सगळा रस्ता लागतो. वळणाच्या आतल्या बाजूला रिकामी दिसणारी जागा ही एसटीच्या मागच्या चाकांची जागा असते. तिथं एखादी छोटी गाडी जरी लावली तरी एसटी अडकते, तिच्यामागं ट्रक, त्यांच्यामागं सगळा घाट. काही वर्षांपूर्वी वडिलांना छातीत दुखायला लागलं म्हणून मी त्यांना पाचगणीहून वाईला घेऊन निघालो होतो. अशाच एका वळणावर कुणीतरी गाडी लावून फोटो काढायला कठड्याकडे गेलं होतं. जवळजवळ पंचवीस मिनिटं आम्ही हललो नाही. वडील वाचले. पण ती पंचवीस मिनिटं माझ्या डोक्यातून आजही जात नाहीत, आणि हे सगळं लिहायला बसलो त्यामागं तेच कारण आहे.

थांबलात तर दरीकडचं दार उघडण्याआधी खाली बघा. पावसानंतर कडेची माती पोखरलेली असते, वरून गवत असतं आणि खाली काही नसतं.

घाटात समोरून गाडी आली आणि रस्ता अरुंद असेल तर कुणी थांबायचं?

उतरणाऱ्यानं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमच आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलताना क्लच जळतो आणि ती मागं घसरण्याचीही भीती असते.

पाचगणीच्या टेबललँडवर गाडी नेता येते का?

पठारावर नाही. वरपर्यंत जाणारा रस्ता आखूड आणि चढाचा आहे, प्रवेशाजवळ गाडी लावायची आणि पुढं चालायचं. वर घोडे आणि घोडागाड्या आहेत, पण टेबललँड पायीच बघावं असं माझं मत. जांभ्या दगडाचं एवढं मोठं सपाट पठार पायाखाली जाणवायला हवं. सुटीच्या दिवशी वरची जागा भरलेली असेल तर गाडी गावात ठेवून चढत जा. चढ दमवतो, पण वेळ फार लागत नाही.

पारसी पॉइंट तर रस्त्यालाच आहे, मग तिथं गर्दी का होते?

रस्त्यालाच आहे म्हणूनच. पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना तो उजव्या हाताला येतो, म्हणजे आत वळायला समोरची सगळी वाहतूक कापावी लागते. दहा जण एकदम वळायला थांबले की मागं रांग. सोपा उपाय म्हणजे जाताना थांबू नका, परत येताना थांबा. तेव्हा तो डाव्या हाताला असतो, अलगद आत शिरता येतं आणि बाहेरही पडता येतं. तुम्ही केळघर घाटानं साताऱ्याकडे उतरणार असाल तर मात्र सकाळी लवकर जातानाच उरकून घ्या. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी हा पॉइंट फार चांगला, कारण गाडीपासून कठडा चार पावलांवर आहे आणि खाली कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी दिसतं.

स्ट्रॉबेरीच्या शेताजवळ रस्त्याकडेला गाडी लावली तर चालतं का?

शेताची वाट सोडून लावा. भिलार, गुरेघर या भागात डिसेंबरपासून स्ट्रॉबेरीची तोडणी जोरात चालते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हे फळ अतिशय नाजूक. तोडल्यावर ते त्याच दिवशी बाजाराच्या वाटेला लागावं लागतं. तुम्ही ज्याला मोकळी जागा समजता ती बऱ्याचदा टेंपो आत न्यायची वाट असते. क्रेट भरून तयार आणि वाटेवर कुणाची तरी कुलूपबंद गाडी, असं मी अनेकदा बघितलं आहे. शेतकऱ्याला विचारलं तर तो स्वतःच्या अंगणात लावायला सांगतो, आणि चार पेट्या त्याच्याकडूनच घेतल्या तर दोघांचंही भलं होतं.

भिलार म्हणजेच पुस्तकांचं गाव, २०१७ पासूनचं. तिथं पुस्तकं लोकांच्या घरांमध्ये ठेवलेली आहेत. म्हणून गाडी एकदाच कुठंतरी लावा आणि घरोघरी चालत फिरा.

वेण्णा तलावाजवळ संध्याकाळी जागा मिळते का?

चार ते सातमध्ये मिळेल असं धरू नका. बोटिंग, घोडे, मक्याची कणसं, आणि त्यातून पाचगणीकडून गावात शिरणारी वाहतूक, हे सगळं एकाच रस्त्याला येतं. या तळ्याचा उगम करमणुकीत नाही. साताऱ्याच्या छत्रपती अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये ते महाबळेश्वरच्या पाण्यासाठी बांधून घेतलं. काठचा रस्ता एवढ्या गाड्यांच्या हिशेबानं कधी केलेलाच नव्हता.

सकाळी या. धुकं पाण्यावर असतं, बोटीला रांग नसते, गाडी हवी तिथं लागते. संध्याकाळीच यायचं असेल तर गाडी हॉटेलवर ठेवा. बाजारापासून तलाव दोनेक किलोमीटर आहे, झाडांखालून चालत येता येतं. घोडे फिरतात त्या पट्ट्यात गाडी घुसवू नका. हॉर्ननं घोडा बुजला की पाठीवर बसलेलं मूल पडतं.

महाबळेश्वरच्या बाजारात गाडी नेऊ का?

नको. डॉ. साबणे रस्ता हा चालायचा बाजार आहे. चणे, चपला, जॅम घेत लोक रस्त्याच्या मधून चालतात आणि ते तसंच छान आहे. गाडी नगरपरिषदेच्या वाहनतळावर किंवा हॉटेलवर ठेवा.

हॉटेल ठरवताना मात्र फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या : पार्किंग आवारात आहे की रस्त्यावर, खोलीमागं एक गाडी नक्की मिळणार का, आणि चावी ठेवून घेतात का. गाड्या एकामागं एक लावत असतील तर पहाटे सूर्योदयाला निघायचं आहे हे रात्रीच सांगून बाहेरची जागा मागा. "फ्री पार्किंग" एवढ्या दोन शब्दांवर विसंबून आलेल्या पाहुण्यांची गाडी रात्रभर उतारावर, रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली मी बघितली आहे.

पॉइंट कुठल्या क्रमानं करावेत?

लांबचा आधी. आर्थरसीट बाजारापासून बारा-तेरा किलोमीटर आहे, रस्ता जंगलातून आणि अरुंद. सकाळी आठच्या आत थेट आर्थरसीट गाठा. तिथं गाडी एकदा लावली की टायगर स्प्रिंग, विंडो पॉइंट, इको पॉइंट हे सगळं पायी होतं. सावित्रीचं खोल खोरं आणि पलीकडचं कोकण सकाळच्या उन्हात स्वच्छ दिसतं. मग परतताना एल्फिन्स्टन पॉइंट आणि क्षेत्र महाबळेश्वर. बहुतेक लोक वाटेत येईल ते आधी बघत जातात, त्यामुळे दुपारी बारा वाजता सगळे आर्थरसीटला एकदम पोचतात आणि एकमेकांच्या गाड्या अडवून बसतात. तुम्ही त्या वेळी उलट दिशेनं रिकाम्या रस्त्यावर असता.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी एकत्र येतं. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तिथं भाविकांची गर्दी असते. त्या दिवशी नुसतं फिरायला आलेल्यांनी दुसरा दिवस निवडावा, ती जागा भाविकांची आहे. एरवी मंदिराशेजारच्या दुकानांपुढं न लावता अलीकडच्या वाहनतळावर लावा, आणि मागच्या बाजूचं कृष्णाबाईचं मंदिर चुकवू नका.

मुंबई पॉइंटला सूर्यास्तानंतर गाडी बाहेरच निघत नाही. काय करावं?

सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा आणि गाडीचं तोंड बाहेर करून लावा. उजेडात, रिकाम्या जागेत रिव्हर्स घेणं सोपं. अंधारात, माणसं मागून चालत असताना रिव्हर्स काढणं धोक्याचं. सूर्य बुडाला की सगळे एकदम पळतात. तुम्ही वीस मिनिटं बसून राहा. खरे रंग त्यानंतरच येतात, आणि तोवर रस्ताही मोकळा होतो.

सूर्योदयाला विल्सन पॉइंट. महाबळेश्वरातला हा सगळ्यात उंच पॉइंट आणि गाडी वरपर्यंत जाते.

एकदा नाक्यावर पैसे भरले, मग पॉइंटवर पुन्हा का मागतात?

कारण घेणारे वेगळे असतात. गावात शिरताना नाक्यावर घेतात तो नगरपरिषदेचा प्रवासी कर. वनहद्दीतल्या पॉइंटांवर वन व्यवस्थापन समिती पैसे घेते आणि त्यातून कठडे, स्वच्छतागृहं, कचरा उचलणं चालतं. काही ठिकाणी ग्रामपंचायत असते, काही ठिकाणी खासगी मालकाची जागा. पावती छापील असेल, तीवर संस्थेचं नाव आणि रक्कम असेल तर ती द्यावी, आणि गाडी निघेपर्यंत जपून ठेवावी. पावती न देता नुसते पैसे मागितले तर शांतपणे पावती मागा. नाही मिळाली तर गाडी पुढं न्या. सुटे पैसे जवळ ठेवा, काही पॉइंटांवर मोबाइलला रेंज नसते आणि पैसे ऑनलाइन जात नाहीत.

उतारावर गाडी लावताना काय काळजी घ्यायची?

हँडब्रेक पूर्ण ओढा. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर टाकून ठेवा. ऑटोमॅटिक गाडीत आधी ब्रेकवर पाय ठेवून हँडब्रेक ओढायचा आणि मग पार्किंगमध्ये टाकायचं, नाहीतर सगळं वजन गिअरबॉक्सवर येतं. चाकं डोंगराच्या किंवा चराच्या बाजूला वळवून ठेवा, म्हणजे सुटलीच तर गाडी तिकडं टेकेल. दरीच्या बाजूला उतारावर लावूच नका.

चाकाला दगड लावलात तर निघताना तो उचलून कडेला ठेवा. मी स्वतः एकदा तो तसाच सोडून गेलो होतो. परत येताना त्याच दगडाशेजारी एक दुचाकी आडवी पडलेली होती आणि तिच्यावरचा मुलगा गुडघा धरून बसला होता. त्याला दवाखान्यात नेलं, सुदैवानं मोडलं नव्हतं. तेव्हापासून दगड उचलल्याशिवाय मी गाडीत बसत नाही.

माकडांचं काय करायचं?

काचा पूर्ण बंद. दोन बोटांची फटही नको. सीटवर खाऊची पिशवी दिसली तर ती काचेशी झटतात, वायपर आणि अँटेना ओढतात. त्यांना काही खायला घालू नका. गाडी थांबली की खायला मिळतं हे माणसांनीच त्यांना शिकवलं आहे, आणि त्यापायी ती रस्त्यावर येऊन चाकाखाली मरतात.

पावसाळ्यात, धुक्यात कुठं थांबावं?

दाट धुक्यात रस्त्याच्या कडेला थांबू नका. मागच्याला तुमचे मागचे दिवे दिसतात, तो तुम्ही चालता आहात असं समजून मागं येतो आणि आदळतो. हळूहळू चालत राहा, हॉटेल, पेट्रोल पंप किंवा वाहनतळ आला की आत घ्या. कड्याखाली गाडी लावू नका, वरून दगड येतात. लाल मातीच्या मोकळ्या जागेवर पहिल्या पावसानंतर चाक रुतलं की ते जागेवरच फिरत राहतं, म्हणून मुरूम किंवा डांबर बघूनच उतरा.

प्रतापगडाला आंबेनळी घाटातून जायचं असेल तर घाट चालू आहे का हे आधी विचारा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तिथं रस्ता ठिकठिकाणी दरडींनी आणि खचून तुटला होता. गडाच्या पायथ्याशी वाहनतळ आहे, पुढं पायऱ्या. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत प्रतापगड आहे, तेव्हा सुटीला गर्दी धरूनच निघा.

कासला फुलांच्या काळात गाडी पठारापर्यंत का नेऊ देत नाहीत?

याचं उत्तर मी मनापासून देतो, कारण पूर्वीचं कास मी पाहिलं आहे.

साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून पंचवीसेक किलोमीटरवर कास. खाली सलग जांभा कातळ आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर, कुठं कुठं तर बोटभरच. त्या थरात ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं फुलतात. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा. एकेकाळी लोक गाडी थेट सड्यावर, म्हणजे या कातळाच्या पठारावर, घालत आणि चाकाखाली ती माती दबून जात असे. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, आणि पुढच्या वर्षी तिथं चाकांच्या दोन पट्ट्यांएवढी जागा फुलांविना राहते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी आणखी वाढली.

म्हणून हंगामात गाड्या अलीकडेच थांबवतात आणि तिथून स्थानिक समितीच्या बसनं पुढं नेतात. माणसांची रोजची संख्याही ठरलेली असते. आधी ऑनलाइन नोंदणी करा, सकाळची वेळ घ्या, आणि वाहनतळ ते पठार या फेरीसाठी अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. हे काम आसपासच्या गावांतलेच लोक करतात, त्यांच्याशी पास नाही म्हणून हुज्जत घालू नका. वाटेत यवतेश्वर घाटात कुठं सोनकीचा पिवळा उतार दिसला तर तिथंही गाडी गवतावर चढवायची नाही. डांबर संपलं की सडा सुरू होतो.

ठोसेघर आणि सज्जनगड?

दोन्हीकडे वाहनतळ आहेत. सज्जनगडाला गाडी बरीच वर जाते आणि मग पायऱ्या. ठोसेघरला जुलै-ऑगस्टच्या रविवारी दुपारी जाऊ नका, बाकी अडचण नाही.

ज्येष्ठ माणसं बरोबर आहेत, दूर गाडी लावली तर त्यांचं कसं?

आधी त्यांना दारात उतरवा, बरोबर एक जण ठेवा, मग चालकानं एकट्यानं गाडी लावायला जावं. भेटायची जागा आधीच ठरवा, कारण धुक्यात आणि रेंज नसताना शोधाशोध होते. लिंगमळा धबधब्याला वाट खाली उतरते आणि परत चढावी लागते, तिथं त्यांना नेऊ नका.

गाडीत सामान ठेवून पॉइंटवर जाणं सुरक्षित आहे का?

डिकीत, निघण्याआधीच ठेवलेलं. पॉइंटवर पोचून सगळ्यांसमोर लॅपटॉपची बॅग डिकीत टाकू नका.

इलेक्ट्रिक गाडी नेली तर?

वाईला किंवा महामार्गावर पूर्ण चार्ज करून चढा. घाटात चार्ज भराभर उतरतो, उतरताना थोडा परत मिळतो. हॉटेलवर चार्जिंगची सोय आहे का ते खोली ठरवतानाच विचारा.

धुक्यात दिवे लावले, बंद करायचे राहिले आणि बॅटरी उतरली. आता?

हे इथं वरचेवर होतं. पॉइंटवरच्या टॅक्सीवाल्या दादांना किंवा चहाच्या टपरीवर सांगा, जोडायच्या वायरी बहुतेक कुणाकडं तरी असतात. मॅन्युअल गाडी असेल आणि पुढं मोकळा, सपाट वाहनतळ असेल तर दोघांनी ढकलायचं, चावी चालू, दुसरा गिअर, वेग आला की क्लच सोडायचा. ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत नाही. आणि घाटाच्या उतारावर हा प्रयोग अजिबात नको. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंगही जड होतं. गाडी सुरू झाली की निदान अर्धा तास बंद करू नका, सरळ पुढच्या पॉइंटला निघा.